काळजाचा फोटो

आष्टीत आणि आसपासच्या वाड्यांवर कुणाचं काही विहिरीत पडलं, की लोकांच्या तोंडी एकच नाव यायचं. मल्हारी धनगर. घागर पडो, मोटेचं चाक पडो, शेळी पडो, नाहीतर घरातून रागारागानं निघालेली एखादी सून पडो, त्याला बोलावणं जायचं. तो यायचा, मुंडासं आणि घोंगडी काठावर ठेवायचा, दोराला हात न लावता कपारीत पाय रोवत खाली उतरायचा आणि पाण्यात दिसेनासा व्हायचा. काठावरची माणसं नकळत आपापला दम धरून बघत राहायची. त्यांचा दम सुटायचा, ती पुन्हा श्वास भरून घ्यायची, पुन्हा सुटायचा, तरी हा खालीच. मग एकाएकी पाणी फुटायचं आणि मल्हारीचं डोकं वर यायचं.

या कामाचं तो कुणाकडून काही घेत नसे. सून काढली तर तिच्या सासूला तिथंच चार शब्द सुनवायचा. तेवढाच त्याचा मोबदला.

त्याचा बाप बारा महिने मेंढरांमागं हिंडलेला. मल्हारीनं मात्र गावाच्या शिवारात थोडी जमीन धरली होती आणि कळपही मोजकाच ठेवला होता. घरात म्हातारी माय गोपिकाबाई आणि बायको जयवंताबाई. एकुलती लेक नंदाबाई, ती कुंभार पिंपळगाव या गावी दिली होती. माणूस पन्नाशीला टेकला होता, पण पाठीमागून बघितलं तर कुणीही त्याला पंचविशीतला गडी समजावं.

ही गोष्ट निजामाच्या अमदानीतली, जगातली दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली घडलेली. दिवाळी होऊन गेली होती, विहिरी अजून भरलेल्या होत्या. गावविहिरीत एका नव्या नवरीची पितळी घागर पडली म्हणून मल्हारी उतरला. घागर त्यानं नेहमीसारखी काढली. काठावर येऊन मुंडासं बांधायला हात वर केले, तोच छातीत काहीतरी फडफडलं. जाळ्यात सापडलेलं तितर जसं पंख आपटतं, तसं. डोळ्यांपुढं काळोखी आली. तो मटकन खाली बसला. बायांनी आपसांत बघितलं. मल्हारी असा बसलेला कुणी कधी बघितला नव्हता.

"पाणी गार हाय आज," तो म्हणाला आणि उठून घरी गेला.

मग पुन्हा एकदा तसंच झालं, कळप हाकताना. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तो नुसता बसला होता. बसल्या जागी छाती धावायला लागली, तेव्हा मात्र त्यानं जयवंताबाईला सांगितलं. जयवंताबाई तडक रामरावांकडं गेली. रामराव गावातले मोठे शेतकरी, अंगानं आडवेतिडवे, मनानं मोकळे. मल्हारीचा बाप त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा, तेव्हापासूनचा घरोबा होता. रामरावांना जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काम होतंच. त्यांनी आपली बैलगाडी जुंपून मल्हारीला परतूरला आणलं आणि तिथून आगगाडीत घालून जालन्याला नेलं.

जालन्यात एका डॉक्टरांनी नुकतंच फोटोचं मशीन आणलं होतं. माणसाच्या आतला फोटो निघतो, असं लोक सांगायचे आणि अर्ध्या लोकांना ते खोटं वाटायचं. डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलायचे. त्यांनी मल्हारीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. एकदा नळी काढली, पुन्हा लावली. मल्हारी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. तोंडावरून काहीच कळत नव्हतं.

मग त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं. अंगरखा काढून एका थंडगार पाटीला छाती टेकवून उभं केलं. बाहेर तेलाचं इंजिन फटफटायला लागलं. डॉक्टरांचे कंपाउंडर खाजामियाँ अंधारातून म्हणाले, "दम रोको, पैलवान."

मल्हारीला हसूच आलं. जन्मभर दुसरं केलं काय होतं! पण त्या काळोखात दम धरला आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, की हा आपल्याच्यानं फार वेळ धरवणार नाही.

फोटो ओलाच होता, तो खाजामियाँनी उजेडाकडं धरला आणि मान हलवली. "दिल भोत बडा है तुमारा, पैलवान."

मल्हारीनं काही विचारायच्या आत ते आत निघून गेले. डॉक्टर बाहेर आले ते फोटो कागदात गुंडाळूनच. म्हणाले, "मी हैद्राबादला जाणार आहे. तिथं माझे गुरुजी आहेत, काळजाच्या आजारातले मोठे जाणकार. हा फोटो त्यांना दाखवतो आणि मग काय ते सांगतो. संक्रांत झाली की या. तोवर विहिरीत उतरायचं नाही."

"पर साहेब, आजार काय हाय?"

"ते कळावं म्हणूनच तर नेतोय," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत मल्हारी खिडकीशी बसून होता. दिल बडा. मोंढ्यात कुणी मोकळ्या हातानं दिलं, की लोक म्हणतात, त्याचा दिल बडा आहे. मग हे चांगलंच म्हणायचं. पण चांगलं असतं तर फोटो हैद्राबादला कशाला न्यावा लागला असता? आणि खाजामियाँनी मान हलवली ती कशी हलवली? वर-खाली, की आडवी? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. जितकं आठवावं तितकी ती मान सगळीकडेच हलायला लागली.

"मालक," त्यानं रामरावांना विचारलं, "काळीज मोठं असनं, हे बरं का वंगाळ?"

"मोठं काळीज म्हंजी हिंमतवान. ईहिरीत काय लहान काळजाचा माणूस उतरतो का?" असं म्हणून रामरावांनी तंबाखू मळायला घेतली. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

घरी आल्यावर मल्हारीनं तेच मायला विचारलं. गोपिकाबाईला दिसायचं कमी, पण मेंढराच्या अंगाची तिला जेवढी माहिती होती तेवढी गावात कुणाला नव्हती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंचं काळीज? कसाई इकतो ते पोटातलं, का छातीतलं धडधडतं ते?"

"छातीतलं, माय."

म्हातारी म्हणाली, "मागं आपली एक मेंढी चरता चरता पडली आन मेली, ध्यानात हाय का? फाडली तवा काळीज हे एवढं निघालं व्हतं. पान्यानं भरल्यालं."

मल्हारीला मेंढी आठवली. तिचं काळीज त्यानंच हातात धरलं होतं.

"अवं आत्याबाई, काय बोलून राह्यल्या तुमी!" जयवंताबाई चुलीपासून ओरडली. "मेंढीचं येगळं, माणसाचं येगळं."

"म्या कुठं म्हनलं एकच हाय म्हून? इचारलं ते सांगितलं," म्हातारी म्हणाली. पण चंपाषष्ठीला तिनं खंडोबापुढं भरीत-रोडगा ठेवताना भंडारा नेहमीपेक्षा जास्त उधळला आणि पुटपुटत कसला तरी नवस बोलली. काय बोलली ते कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मल्हारीचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. रानात मेंढरं सोडून तो बांधावर बसायचा आणि मनगटावर दोन बोटं ठेवायचा. डॉक्टरनं तसंच केलेलं त्यानं बघितलं होतं. कधी नाडी सापडायची, कधी सापडायची नाही. सापडली नाही की छाती धावायला लागायची. छाती धावायला लागली की नाडी बराबर सापडायची. मग त्याला वाटायचं, हा आजारच आहे. मग वाटायचं, आजार नाही, आपण भ्यालो म्हणून धावली. आणि भ्यालो कशाला? आजार आहे म्हणून. या फेऱ्यातून बाहेर कसं पडायचं ते त्याला कळेना. लक्षच द्यायचं नाही असं तो ठरवायचा. पण लक्ष दिलं नाही आणि तेवढ्यात ते थांबलं, तर कळणार कसं? म्हणून पुन्हा बोटं मनगटावर.

एका दुपारी त्यानं एडक्याला पायात दाबून धरलं आणि त्याच्या बरगडीला कान लावला. एडका रवंथ करत उभा राहिला. आतून ढब ढब ढब असा आवाज येत होता, घाईघाईनं. एडक्याला काही झालेलं दिसत नव्हतं. मल्हारीनं मग दुसऱ्या मेंढीला कान लावला. तिचं निराळंच. जयवंताबाई मेंढरांच्या वाड्यात लेंड्या भरायला आली, तर नवरा कळपात गुडघ्यावर बसून एकेका जनावराला कान लावतोय.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"ऐकून राह्यलो. जयवंते, हितं ये. सरळ हुबी राह्य."

"का बरं?"

"ये तर."

ती आली. मल्हारीनं तिच्या छातीला कान लावायला मान वाकवली, तशी ती लेंड्यांच्या पाटीसकट मागं सरकली. "आवो! आत्याबाई दारात बसल्यात!"

"तिला कुठं दिसतंय?"

जयवंताबाईनं इकडंतिकडं बघितलं, पाटी खाली ठेवली आणि मान दुसरीकडं वळवून उभी राहिली. मल्हारीनं ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं.

"काय म्हन्तंय?" तिनं हळूच विचारलं.

"लई जोरात हाय तुझं."

"मंग? भर दुपारी नवरा असा चिकटल्यावर काय हळू असंल?" ती म्हणाली आणि पाटी उचलून चालू लागली. जरा पुढं जाऊन थांबली. वळून तिनं त्याच्याकडं बघितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी तो कुणाला न सांगता चालायला लागला आणि थांबला तो कुंभार पिंपळगावात लेकीच्या दारात. वाट लांबची होती. नंदाबाई ज्वारी पाखडत होती. बापाला दारात असा एकट्यानं, भाकरीचं फडकंसुद्धा न घेता आलेला बघून तिच्या हातचं सूप खाली गेलं.

"आबा! माय बरी हाय ना? आजीला काय झालं?"

"समदे बरे हायेत. असाच आल्तो."

"असंच कुणी येतं का?"

तिनं पाणी दिलं, पिठलं टाकलं, गरम भाकरी वाढली. मल्हारी जेवला. लेकीला सांगायचं म्हणूनच तो आला होता. की बाई, माझ्या काळजाचा फोटो हैद्राबादला गेलाय, तिथून काय येईल ते येईल. पण ती पुढ्यात बसून सासूच्या गुडघ्यांचं, म्हशीच्या दुधाचं सांगत राहिली आणि त्याला वाटलं, हिच्या छातीतबी आता कशाला हे पाखरू सोडायचं? शेवटी उठताना त्यानं एवढंच विचारलं, "तुमची ईहीर बांधीव हाय ना? कठडा हाय ना?"

"हाय की. का वो?"

"न्हाई, असंच."

परत निघाल्यावर अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की एवढं अंतर आपण झपाझप चालून आलो आणि एकदाही धाप लागली नाही. छातीत काही फडफडलं नाही. तो आनंदानं तिथंच उभा राहिला. म्हणजे आजार नाही! आणि हे मनात यायचा अवकाश, छाती धावायला लागली. मल्हारी वाटेवर डोक्याला हात लावून बसला. काय समजायचं माणसानं?

संक्रांत तोंडावर आली असताना रामरावांचा हरण्या बैल विहिरीत पडला. मोट भरायला बैल मागं मागं येतात, तसा तो मागं येत होता. धावेवरची, बैलांच्या उतरत्या वाटेवरची, माती सुटली आणि मागचे पाय घसरले. बरं एवढंच, की जोखड तुटलं आणि जोडीचा बैल वाचला. पाणी भरपूर होतं. हरण्या पोहत होता, पण काठाला धरायला बैलाला काय असतं? तो गोल गोल फिरत होता आणि घोगऱ्या आवाजात हंबरत होता.

मल्हारीला बोलवायला माणूस धावला. मल्हारी धावतच आला. घोंगडी काढली, मुंडासं काढलं, काठावर आला. आणि थांबला.

छाती धावत होती. पळत आलो म्हणून की खरंच आजार आहे म्हणून? खाली पाणी काळं दिसत होतं. हेच पाणी त्याला आजवर आपल्या घरच्या अंगणासारखं वाटलं होतं. बैलाच्या पोटाखालून दोर काढायचा म्हणजे बुडी मारावीच लागणार. त्यानं पाय कपारीत घातला. दगड चाचपला. त्यानं पाय मागं घेतला.

"मल्हारी, जल्दी कर! दमून राह्यला हरण्या," कुणीतरी ओरडलं.

"मालक," मल्हारी म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही, "मला उतरायची मनाई हाय."

पोहणारे दोघं-तिघं होते, पण पाय झाडणाऱ्या बैलाजवळ जायची कुणाची छाती होईना. तेव्हा रामरावांनी स्वतः धोतर खोचलं. लहानपणी ते याच विहिरीत पोहायला शिकले होते. त्यानंतर काही उतरले नव्हते, आणि तेव्हा त्यांचं पोट एवढं नव्हतं. लोक नको नको म्हणत असताना ते कमरेला दोर बांधून भिंतीशी घासत, धापा टाकत, शिव्या देत खाली गेले.

मल्हारी काठावर पालथा पडला आणि मान खाली घालून सांगायला लागला. "तोंडाम्होरं जाऊ नका मालक! शेपटाकडनं या! पाठीला हात लावा, बोला त्याच्याशी! नाव घ्या! आता दोर पोटाखालून, असा, न्हाई न्हाई, पुढल्या पायाच्या मागून!" रामराव बुडी मारायचे, पाणी पिऊन वर यायचे, पुन्हा जायचे. शेवटी दोर पोटाखालून निघाला. वर सगळा गाव जमला होता. त्यांनी दोर धावेवरच्या दुसऱ्या जोडीला जुंपला, हातानंही ओढला आणि हरण्या भिंतीला घासत, एक शिंग मोडून का होईना, पण वर आला. मागोमाग रामरावांना ओढून काढलं.

रामराव गवतावर उताणे पडले. तोंड पांढरं पडलं होतं. मल्हारी त्यांच्याशेजारी बसला. मान वर करायची त्याला लाज वाटत होती. रामरावांनी त्याचा हात धरला आणि आपल्या छातीवर दाबला.

"बघ. बघ कसं करून राह्यलंय. मला वाटलं, मी तर मेलोच आता."

मल्हारीच्या पंजाखाली रामरावांचं काळीज खळ्यावर मळणी चालावी तसं घुमत होतं. मध्येच एखादा ठोका चुकत होता, मग दोन जोडून येत होते. त्याचं जसं व्हायचं तसंच.

"मालक, हे तर माज्यासारखंच हाय की! तुमीबी फोटू काढा."

"येड्या, ईहिरीत भ्यालेल्या माणसाचं असंच व्हतं," रामराव म्हणाले आणि खोकत हसले.

मल्हारीनं हात काढला नाही. त्याला बघायचं होतं, हे निवतं कधी. आणि ते निवलं. सांजच्याला जनावरं घराकडं वळतात तसं सावकाश, पावलापावलानं शांत झालं. मल्हारीचं स्वतःचं मात्र, जो काठावरून हललाही नव्हता, अजून धावतच होतं.

गावात कुणी म्हणालं, बिचारा आजारी आहे. कुणी म्हणालं, आजार कसला, मल्हारी भ्याला. हे दुसरं त्याच्या कानावर आलं तेव्हा तो चिडला नाही. घरी येऊन जयवंताबाईला म्हणाला, "लोक म्हन्तात म्या भ्यालो. खरं असंल का गं?"

"तुमाला ठावं."

"मलाच तर ठावं न्हाई."

जयवंताबाई तिळाचे लाडू वळत होती. तिनं हात थांबवला. "म्या तर रोजच भिऊन राह्यले," ती म्हणाली. "तुमी ईहिरीत जायचे तवा भ्यायचे, आता जात न्हाई तर त्यानं भिते. मंग मलाबी आजार हाय का?" आणि तिनं एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. "तोंड गोड करा. संक्रांतीनंतर म्याबी येते जालन्याला. तुमाला ऐकलेलं सांगता येत न्हाई."

दोघं गेली. दवाखान्यात बाकावर बसून मल्हारी दाराकडं बघत होता. खाजामियाँ औषधाच्या बाटल्या पुसत होते. त्यांना बघताच मल्हारी उठला.

"मियाँसाब, त्या दिवशी तुमी म्हनले, दिल बडा है. ते चांगलं का वाईट?"

खाजामियाँनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "मैं बोला? कब बोला?"

"फोटू उजेडात धरला व्हता तवा."

"बोला हुंगा," ते म्हणाले. "भोत लोगां आते, बाबा. याद नै." आणि पुढची बाटली उचलली.

मल्हारी परत येऊन बाकावर बसला. दिवाळी मागं पडल्यापासून तो ज्या एका वाक्याच्या खाली दबून जगत होता, ते बोलणाऱ्यालाच आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. फोटो खिडकीच्या काचेला लावून दाखवला. काळ्या पाटीवर पांढऱ्या बरगड्या आणि मधे धुक्यासारखं काहीतरी लोंबलेलं. जयवंताबाईनं पदर तोंडाला लावला. हे आपल्या नवऱ्याच्या आतलं, हे तिला बघवेना आणि नजरही हलवता येईना.

"माझ्या गुरुजींनी हा नीट बघितला," डॉक्टर म्हणाले. "ते म्हणतात, काळीज नेहमीपेक्षा मोठं आहे, पण ते मेहनतीचं आहे. पैलवानाचा दंड कसा मोठा होतो, तसं. जन्मभर दम कोंडून काम केलंय, म्हणून. त्यांच्या मते आजार नाही."

जयवंताबाईनं हात जोडले. मल्हारी मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडंच बघत होता.

"त्यांच्या मतानं. आन तुमच्या?"

डॉक्टरांनी नळी कानात घातली आणि पुन्हा त्याच्या छातीला लावली, समोरून, डाव्या अंगानं, पाठीकडून.

"मागच्या खेपेला मला ठोक्याच्या मागं एक बारीक आवाज आला होता," ते म्हणाले. "वारा फटीतून जातो तसा. तो असेल तर आत कुठंतरी झडप नीट मिटत नसेल. आज ऐकतोय तर तो आवाज येत नाही."

"म्हंजी गेला?"

"गेला असेल. किंवा आज मला ऐकू आला नसेल. किंवा तेव्हा माझ्याच कानाची चूक झाली असेल."

"साहेब, सरळ सांगा. म्या आजारी हाय का न्हाई?"

डॉक्टरांनी नळी गळ्यात घेतली. "सरळ सांगायचं तर, मलाही पक्कं माहीत नाही," ते म्हणाले. ते हे खाली मान घालून बोलले नाहीत, त्याच्या डोळ्यांत बघून बोलले. "चाला, मेंढरं राखा, शेत करा. बुडी मात्र मारू नका. दम कोंडून पाण्याखाली राहणं आता पुरे. पावसाळ्याच्या आधी पुन्हा या, मी परत ऐकतो."

जयवंताबाई पुढं झाली. "वजं उचलू द्यावं का?"

"बेतानं."

"तिखट?"

"खाऊ द्या."

"भ्याले तर?"

"भ्याले की माझ्याकडं या म्हणावं," डॉक्टर म्हणाले. "भीती मनात कोंडून ठेवलेली बरी नाही."

दोघं परतूरच्या स्टेशनावर उतरली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. मोंढ्यातून जयवंताबाईनं मेंढरांसाठी खड्याचं मीठ घेतलं होतं, त्याची गोणी बरोबर होती. आष्टीकडची बैलगाडी पुढच्या वस्तीवरून मिळणार होती, तिथवर पायी जायचं होतं. मल्हारीनं सवयीनं गोणी खांद्यावर घेतली. जयवंताबाईनं ती ओढून काढली आणि आपल्या डोक्यावर घेतली.

"बेतानं म्हनले ते."

"बेतानंच घेतली व्हती की!"

"दावा मला बेत म्हंजी केवढा."

तो थांबला. खरंच, केवढा? मोठे डॉक्टर म्हणतात काही झालं नाही, छोटे म्हणतात सांगता येत नाही, माय म्हणते मेंढी, मालक म्हणतात हिंमत. त्यानं तिच्या डोक्यावरची गोणी खाली घेतली आणि तिचं एक टोक धरलं. तिनं सोडलं नाही, दुसरं टोक धरलं. तशीच दोघं चालायला लागली. गोणी मधे लोंबत होती, दोघांच्याही पायांना लागत होती, कुणाही एकानं नेली असती तर वाट लवकर सरली असती. पण सोडायला कुणीच तयार नव्हतं.

"मंग घरी गेल्यावर आत्याबाईला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"सांग, न्हाई म्हनले."

"काय न्हाई?"

मल्हारीनं विचार केला. "तेवढंच सांग," तो म्हणाला.

पुढं तो दर पावसाळ्याआधी जालन्याला जात राहिला. एका साली डॉक्टरांना तो आवाज आला, एका साली आला नाही, मुलखात धामधूम माजली त्या साली तर जाणंच झालं नाही. निजामाचं राज्य गेलं. मल्हारीनं बुडी मारणं सोडलं ते सोडलंच. गावातले दोघं तयार झाले, तो काठावर पालथा पडून त्यांना सांगायचा. छाती अधूनमधून धावायची. धावली की तो उठून जयवंताबाई जिथं असेल तिथं जाऊन बसायचा. काही बोलायचा नाही. तीही विचारायची नाही. तिच्या हातात जे काम असेल त्यातलं थोडं त्याच्या हातात द्यायची, शेंगा सोलायच्या असोत नाहीतर लोकर पिंजायची असो. कधी तेवढ्यानं थांबायची, कधी नाही थांबायची.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तो जेवून लिंबाखाली आडवा झाला आणि उठला नाही. काळजानं गेला की वयानं, हे कुणालाच सांगता आलं नाही. भेटायला आलेल्या बाया विचारायच्या. जयवंताबाई म्हणायची, "म्हातारा व्हता. भाकरी पोटभर खाल्ली व्हती. त्याच्यापल्याड मला काय ठावं न्हाई, बायांनो."